मऊ की कडक?

खड्ड्यावरून मोटार गेली की स्प्रिंग दबते आणि ऊर्जा साठवते. नुसती स्प्रिंग असती, तर गाडी बराच वेळ वरखाली होत राहिली असती. शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, ऊर्जेची उष्णता होते आणि आंदोलने शमतात. हे अवमंदन कमी पडले, तर चाक उसळून रस्ता सोडते. जास्त झाले, तर हादरे थेट बसणाऱ्यापर्यंत पोचतात.

स्पोर्ट्स कारची अडचण इथेच आहे. तिला शर्यतीच्या मार्गावर कडक सस्पेन्शन हवे, खडबडीत रस्त्यावर मऊ. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये २००३ च्या मॉडेलपासून यावर एक उपाय जादा किमतीत मिळू लागला. तिच्या शॉक ॲब्सॉर्बरमधील तेलात लोहाचे सूक्ष्म कण असतात. विद्युतचुंबक सुरू होताच कणांच्या साखळ्या बनतात आणि तेल घट्ट झाल्यासारखे वागते. हे काही सहस्रांश सेकंदांत घडते.

मग जादा पैसे मोजावेत का? एकच गाडी दोन्हीकडे चालवायची असेल, तर जरूर. एकाच प्रकारच्या रस्त्यासाठी मात्र नीट निवडलेले साधे सस्पेन्शन पुरते. ते स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे. शिवाय शॉक ॲब्सॉर्बर हालचालीच्या वेगाला विरोध करतो. लांब वळणावर गाडी एकदा कलून स्थिरावली, की ती किती कलेल हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात, हे बटण नव्हे.

वर्गात स्प्रिंगला वजन टांगा. ते हवेत, पाण्यात आणि गोडेतेलात बुडवून आंदोलने मोजायला सांगा. अवमंदन म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल.