बेदाण्यातला ‘बे’ कुठला?

बेदाणे, मनुका, किसमिस. वाण्याच्या दुकानातली ही तिन्ही नावं वाळवलेल्या द्राक्षांची. खाताना कुणी त्यांची कुळी विचारत नाही, म्हणूनच त्यांच्याभोवती समजुतींचा गुंता वाढला आहे.

गैरसमज : ‘बेदाणा’ म्हणजे बी अधिक दाणा.
वस्तुस्थिती : अर्थ नेमका उलटा आहे. शब्द फारसी. बेइमान, बेफिकीर, बेकार यांतला ‘बे’ म्हणजे ‘विना’. तोच इथे आहे. ‘दाना’ म्हणजे बी किंवा कण. म्हणून बेदाणा म्हणजे बिनबियांचा. फारसी ‘दाना’ आणि संस्कृत ‘धाना’ एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत.

गैरसमज : हे नाव फक्त द्राक्षाचं.
वस्तुस्थिती : मुळात हे विशेषण आहे, कुठल्याही फळाला लागू पडणारं. बंगालीत ‘बेदाना’ म्हणजे डाळिंब. लिचीच्या बारीक बियांच्या वाणालाही ‘बेदाना’ म्हणतात. मराठीत मात्र विशेषणाचं नाम झालं आणि ते वाळलेल्या द्राक्षाला कायमचं चिकटलं.

गैरसमज : ‘मनुका’ शब्द संस्कृतातला.
वस्तुस्थिती : संस्कृतात द्राक्षा आणि मृद्वीका आहेत. ‘मनुका’ची वाट अरबी ‘मुनक्का’कडून येते. त्याचा अर्थ स्वच्छ केलेलं. सुक्या द्राक्षाच्या बाबतीत, बिया काढून साफ केलेलं. गंमत अशी, की हिंदी मुलखात आज ‘मुनक्का’ म्हणून मिळतं ते मोठं, बी असलेलं द्राक्ष! बी गेल्याचं सांगणारं नाव बी असलेल्यालाच मिळालं.

गैरसमज : ‘मनुका हनी’ मनुकांपासून बनतो.
वस्तुस्थिती : इथला ‘मानुका’ न्यूझीलंडच्या माओरी भाषेतला, एका झुडपाचं नाव. त्याच्या फुलांतल्या मकरंदापासून मधमाश्या हा मध करतात. द्राक्षाशी त्याचा काहीच संबंध नाही.

गैरसमज : आइस्क्रीममधला ‘ब्लॅक करंट’ म्हणजे काळी मनुका.
वस्तुस्थिती : ब्लॅक करंट हे वेगळ्याच झुडपाचं आंबट फळ. घोळाला कारण मात्र आहे. ‘करंट’ हे आधी ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून बारीक, काळ्या, सुक्या द्राक्षांना पडलेलं नाव. दिसायला सारखं म्हणून ते पुढे या झुडपाच्या फळालाही दिलं गेलं.

गैरसमज : हिरवा आणि तपकिरी बेदाणा नेहमी वेगवेगळ्या द्राक्षांचा.
वस्तुस्थिती : थॉमसन सीडलेससारख्या एकाच हिरव्या द्राक्षापासून दोन्ही होतात. सांगली जिल्ह्यात तासगाव भागात द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या रॅकवर पसरतात. सालीवरच्या मेणाला बारीक भेगा पडून पाणी लवकर निघून जातं आणि सावलीत हिरवटपणा टिकतो. द्रावणाविना उन्हात वाळवलं, तर तेच द्राक्ष तपकिरी होतं. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

बिनबियांच्या वाणांची लागवड वाढल्यापासून आपल्याकडच्या काळ्या मनुकाही बहुधा बिनबियांच्याच असतात. त्यामुळे नुसत्या नावावरून बी ओळखता येत नाही. खिरीसाठी घेताना दुकानदाराला सरळ विचारावं : यात बी आहे का?