कचऱ्याचं डिझेल आणि शून्याचा हट्ट

आदिलाबादच्या हायवेवर ढाब्यात चहाला बसलं आणि बायोडिझेलचा विषय निघाला, की कोणीतरी छातीठोकपणे सांगतोच : "टाकाऊ तेलापासून बनतं, म्हणजे प्रदूषण शून्य!" ऐकून ऐकून कान किटले. म्हणून एकदा नीट सांगतो.

गैरसमज : कचऱ्यापासून बनलेलं इंधन म्हणजे शून्य प्रदूषण.

वस्तुस्थिती : बायोडिझेल जळलं की कार्बन डायऑक्साइड निघतोच. फक्त त्यातला बहुतेक कार्बन पिकाने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो, भूगर्भातून उपसलेला नसतो. "बहुतेक" म्हणतो, कारण 100 किलो तेलाचं बायोडिझेल करायला साधारण 10 किलो मिथेनॉल लागतं, आणि ते सहसा नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून येतं. शेवटी 10 किलोच्या आसपास ग्लिसरीन उरतं. ते नाल्यात सोडलं तर जंतू त्यावर ताव मारतात, पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात.

धुराचं म्हणाल, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा 2002 चा अहवाल पाहा. डिझेलमध्ये 20 टक्के सोया बायोडिझेल मिसळल्यावर धुरातले कण सुमारे 10 टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड 11 टक्के घटला, पण नायट्रोजन ऑक्साइड 2 टक्के वाढले. यात शून्य कुठे दिसलं?

मग फायदाच नाही का? आहे, आणि चांगला घसघशीत आहे! युरोपीय संघाच्या 2009 च्या निर्देशात टाकाऊ तेलाच्या बायोडिझेलमुळे होणारी हरितगृह वायूंची सर्वसाधारण बचत 88 टक्के धरली होती, सोयाबीनच्या बायोडिझेलमुळे होणारी 40. टाकाऊ तेलाच्या बाबतीत खत, ट्रॅक्टर, घाणा यांचा भार त्यात तळलेल्या भज्यांच्या खात्यावर आधीच पडलेला असतो, म्हणून हा फरक.

बचतीचा हा हिशेब आपल्या भागाला नवा नाही. जैनूर मंडलातलं पॉवरगुडा हे गोंड वस्तीचं गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता कुमुरम भीम आसिफाबादमध्ये आहे. डिझेलऐवजी करंजाचं तेल वापरून 10 वर्षांत 147 टन कार्बन डायऑक्साइड टळेल, या हिशेबावर तिथल्या महिलांनी 2003 मध्ये जागतिक बँकेकडून 645 डॉलर मिळवले. करंजाच्या तेलाला धूर नाही, असं त्यात कुठेही म्हटलं नव्हतं. किती डिझेल जळायचं वाचेल, एवढंच मोजलं होतं.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

"सूक्ष्मजीव फुकटात तेल बनवतात." तेल बनवणाऱ्या यीस्टला साखर लागते. 100 ग्रॅम ग्लुकोजमधून सिद्धांतानुसारसुद्धा जेमतेम 33 ग्रॅम तेल मिळतं, आणि उरलेल्यातला बराच भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. शेवाळापासून तेल काढायचं, तर ते पाण्यातून वेगळं करून वाळवायला लागणारी वीज वेगळीच.

"कढईतलं तेल गाळून थेट टाकीत ओतावं." ते डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असतं. इंजेक्टर चोंदतो, मग मेकॅनिकचं बिल येतं.

"तेल पुन्हा तळायला वापरणं हीच खरी काटकसर." 1 जुलै 2018 पासून भारतात तळणीच्या तेलात 25 टक्क्यांहून अधिक पोलर घटक, म्हणजे तेल वारंवार तापून तयार होणारी संयुगं, चालत नाहीत. असं तेल पोटात नको, बायोडिझेलला द्या.

यापुढे "शून्य" म्हणणाऱ्याचा चहा माझ्याकडून. पण मिथेनॉल कुठून आलं, ते त्याने आधी सांगावं.