सुरकुत्यांवरचे इंजेक्शन : बाटली पाहिल्याशिवाय सौदा नको

गेल्या लग्नसराईत आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक भाभींनी बस्ता बांधता बांधता हळूच विचारले, "भाईसाहेब, तुमचे मुंबईला जाणे-येणे असते. ते कपाळावर टोचतात ते इंजेक्शन कसे असते हो?" मुलीचा निकाह तोंडावर आलेला. गल्लीतल्या पार्लरवालीने सांगितले होते की डॉक्टर घेतो त्याच्या निम्म्या पैशांत काम होईल. वर त्यांनी बजावले, "घरात कुणाला बोलू नका."

आम्ही कापडाचा धंदा करणारे लोक. औषधातले आम्हाला काय कळणार? पण 'निम्म्या पैशांत' हे शब्द कानावर पडले की आमचे कान टवकारतात. सुताच्या भावापेक्षा खाली कुणी कापड देऊ लागला तर जाणता व्यापारी आधी ताका उलगडतो. पन्हा कमी असेल, माल सेकंड असेल, नाहीतर चोरीचा असेल. म्हणून आम्ही ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे बसून चौकशी केली, बाटलीसोबत येणारे माहितीपत्रक समजावून घेतले. त्यातून जे कळले ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवतो. प्रश्न एका भाभींचा नाही. आपल्या घरांतून, आणि आता पुरुषांमध्येही, हे गुपचूप सुरू झाले आहे.

लोक त्याला 'बोटॉक्स' म्हणतात. ते खरे तर एका कंपनीच्या मालाचे नाव आहे. आतले औषध म्हणजे बॉट्युलिनम टॉक्सिन, एका जंतूपासून मिळणारे जहर. जगातल्या सर्वांत तीव्र जहरांत त्याची गणना होते. जर्मनीत युस्टिनस केर्नर या डॉक्टरने १८२० च्या सुमारास खराब सॉसेज खाऊन लुळे पडलेल्या रुग्णांची टिपणे लिहून काढली. सॉसेजला लॅटिनमध्ये 'बॉट्युलस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. १८९५ साली बेल्जियममधल्या एका खेड्यात मयताच्या जेवणातले खारवलेले मांस बाधले, आणि त्या तपासात फान एर्मेन्गेम या शास्त्रज्ञाला हा जंतू सापडला.

जहराचे औषध केले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲलन स्कॉट यांनी. ते नेत्रतज्ज्ञ होते. तिरळेपणात डोळ्याचा एक स्नायू जास्त ओढतो. त्याला अगदी थोड्या मात्रेने सैल करावे, अशी त्यांची कल्पना. अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा आणि पापण्या आवळण्याच्या विकारासाठी त्याला परवानगी मिळाली. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डॉ. जीन कॅरुथर्स यांच्या ध्यानात आले की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला, आणि २००२ साली अमेरिकेने भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता दिली. आज तेच औषध अर्धशिशी, काखेतला अतिघाम, पक्षाघातानंतर आखडलेले हात यांवरही वापरतात. तेव्हा 'जहर आहे, हात लावू नका' म्हणणारे आणि 'क्रीमसारखेच आहे' म्हणणारे, दोघेही अर्धेच बोलतात.

काम कसे होते ते थोडक्यात. मज्जातंतू स्नायूला 'आवळ' असा निरोप देतो. हे औषध तो निरोप अडवते, स्नायू सैल पडतो आणि वरच्या कातडीची घडी उलगडते. तीन-चार दिवसांत फरक दिसू लागतो, पूर्ण परिणामाला दोन आठवडे किंवा थोडे अधिक लागतात. तीन-चार महिन्यांनी निरोप पुन्हा पोहोचू लागतो आणि घडी परत येते. म्हणजे हा एकदाचा सौदा नव्हे, दर हंगामाचा खर्च आहे. कपाळ, भुवयांमधली जागा आणि डोळ्यांचे कोपरे, जिथे हालचालीने सुरकुती पडते, तिथे ते चालते. उन्हाने कातडीच विरली असेल किंवा गाल ओघळले असतील तर त्याचा उपयोग नाही. तिथे 'फिलर' नावाचे वेगळे इंजेक्शन देतात. तो भराव आहे, आणि तो चुकून रक्तवाहिनीत गेला तर दृष्टी जाण्यापर्यंत धोका असतो. पार्लरमध्ये दोन्ही एकाच नावाने खपवतात, म्हणून हा फरक लक्षात असू द्यावा.

आता बाटलीकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

अस्सल बोटॉक्सची बाटली हातात घेतली तर रिकामीच वाटते. तळाला पुसटसा थर, बस. ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. वापरताना डॉक्टर तिच्यात सलाइन घालतो. आत निर्वात असल्याने सुई टोचताच बाटली सलाइन आपण होऊन ओढून घेते. ओढले नाही तर ती बाटली टाकून द्यावी, असे कंपनीच सांगते. ताक्यातला धागा ओढून पाहावा तशी ही परीक्षा आम्हाला फार आवडली. एकदा पाणी घातले की औषध चोवीस तासांत वापरायचे, आणि एक बाटली एकाच रुग्णासाठी, असा माहितीपत्रकातला नियम आहे.

आता हिशेब करा. भुवयांमधल्या आठ्यांसाठी या औषधाचे २० युनिट लागतात, पाच ठिकाणी चार-चार. बाटली १०० युनिटची घेतली तर ८० उरतात. नियमाने ती फेकायची. तसा डॉक्टर ५० युनिटची लहान बाटली घेऊ शकतो, पण तिच्यातही ३० उरतातच. आमच्या धंद्यात तुकडा उरला तर कटपीस म्हणून विकतो, त्यात कुणाचे नुकसान नाही. इथे मात्र उरलेला माल आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्याला टोचण्याचा मोह होतो. त्यात जंतू शिरण्याची भीती असते आणि औषधाचा जोरही उतरतो. दुसरा मोह पाण्याचा. १०० युनिटला अडीच मिलिलिटर सलाइन हे आठ्यांसाठी कंपनीने दिलेले माप. त्यात वाढवाल तेवढे गिऱ्हाईक वाढते. घेणाऱ्याला सिरिंज भरलेली दिसते, युनिट किती हे डोळ्यांना दिसत नाही. खळ देऊन जाड केलेले कापड धुतल्यावर विरळ निघते. ते निदान पहिल्या धुण्यात कळते तरी. इथे महिन्याभरात आठी परत आली की पार्लरवाली सांगते, "तुमच्या कातडीला लागत नाही."

मापाचीही एक गल्लत आहे. निरनिराळ्या कंपन्यांची युनिट सारखी नसतात. ज्या आठ्यांना बोटॉक्सचे २० युनिट, त्यांनाच फ्रान्सच्या इप्सेन कंपनीच्या डिस्पोर्टचे ५० लागतात. वार आणि मीटर एकच धरून कुणी माल मापला तर काय होईल? तेव्हा "आम्ही पन्नास युनिट देतो, डॉक्टर वीसच देतो" ही जाहिरात ऐकून भुलू नये. आधी छाप कुठला ते विचारावे.

धोक्याचे सांगायचे तर योग्य हाताने, योग्य मात्रेत दिलेल्या अस्सल औषधाचे त्रास बहुधा किरकोळ असतात: डोकेदुखी, सुईच्या जागी निळसर डाग, आणि काहींना पापणी खाली येणे. पापणी काही आठवड्यांत सावरते, पण ती उतरवायला उलट औषध नाही, थांबावेच लागते. औषधाचा असर टोचल्या जागेपासून दूर पसरून गिळण्याला, श्वासाला त्रास होऊ शकतो, असा ठळक इशारा २००९ पासून अमेरिकेत प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकावर आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ते टाळावे. स्नायू दुर्बल करणारा मायस्थेनियासारखा आजार असेल तर डॉक्टरला आधीच सांगावे.

मोठे अपघात मात्र नकली माल आणि अडाणी हात यांतून झाले आहेत. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये चौघे जण लुळे होऊन रुग्णालयात पडले, त्यात टोचणारा स्वतःही होता. प्रयोगशाळेसाठी विकलेले, माणसांसाठी नसलेले जहर स्वस्तात आणून टोचले होते. २०२४ च्या एप्रिलपर्यंत अमेरिकेच्या ११ राज्यांत २२ महिलांना त्रास झाल्याची नोंद झाली. घरी, स्पामध्ये, किंवा परवाना-प्रशिक्षण नसलेल्या माणसांकडून त्यांनी इंजेक्शने घेतली होती. त्यांतल्या ११ जणींना दाखल करावे लागले. त्या सुमारास जे नकली खोके पकडले गेले, त्यांवर १५० युनिट छापलेले होते. ती कंपनी १५० ची बाटली बनवतच नाही. ५०, १०० आणि २०० च्या बनवते. नक्कल करणाऱ्याला मालाचे आकारही ठाऊक नव्हते! ज्या गिरणीत तो पन्हा निघतच नाही, त्या पन्ह्याच्या कापडावर तिचा शिक्का मारण्यातला हा प्रकार. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्येही सहा आठवड्यांत ३८ जणांना अशीच विषबाधा झाली.

हे वाचून वाटेल की लोक मूर्ख आहेत. तसे आम्हाला वाटत नाही. अडचण लपवण्यातून येते. कापड घेताना पाच दुकाने फिरणारी बाई या बाबतीत एकच दार ठोठावते, तेही मागचे, कारण डॉक्टरकडे रांगेत शेजारीण दिसेल. बिल मागत नाही, कारण बिल घरी सापडेल. पापणी उतरली तरी आठ दिवस "झोप झाली नाही" म्हणते. नकली मालवाल्याला याहून चांगले गिऱ्हाईक कोणते? तक्रार न करणारे! आणि तिला लपवायला आपणच लावतो. मेहंदीने दाढी रंगवणारे आम्ही पुरुष बायकोच्या कपाळावरच्या उपचाराची थट्टा करतो. आमच्या ओळखीतले दोन व्यापारी स्वतःच हे घेऊन आलेत, आणि चारचौघांत तेच सर्वांत मोठ्याने हसतात.

शरीयतचा प्रश्नही पुष्कळांच्या मनात असतो, आणि तो विचारायला लाजू नये. औषधात माणसाच्या रक्तातून काढलेले अल्ब्युमिन असते, हे माहितीपत्रकावर छापलेलेच आहे. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने २००६ साली सौंदर्यासाठीच्या वापराविरुद्ध निर्णय दिला आणि वैद्यकीय गरजेचा प्रकार वेगळा धरला. उलेमांच्या चर्चेत दोन मुद्दे पुन्हा पुन्हा येतात: आत काय आहे, आणि इलाजासाठी की केवळ रूप बदलण्यासाठी. फतवा देणे हे आमचे काम नाही. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारताना फक्त 'बोटॉक्स' एवढे न म्हणता छाप, घटक आणि कारण सांगावे, म्हणजे जबाब नेमका मिळेल.

जाता जाता एक गंमत. सौदी अरेबियात उंटांची मोठी सौंदर्यस्पर्धा भरते, लाखोंची बक्षिसे असतात. २०१८ साली १२ उंट बोटॉक्स टोचल्यामुळे बाद झाले, आणि २०२१ साली ४० हून अधिक उंट बोटॉक्स वा तत्सम करामतींसाठी काढून टाकले. तिथे आक्षेप सुरकुतीचा नव्हता; मालाचा ऐब झाकून भाव वाढवण्याचा होता. व्यापाऱ्याला हा मुद्दा समजावून सांगायला नको.

घ्यायचेच ठरले तर आमच्या मते एवढे करावे. टोचणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे का ते नोंदणी क्रमांक विचारून पाहावे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद असते. हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे, म्हणून पार्लरच्या खुर्चीत ते घेऊ नये. सीलबंद बाटली समोर उघडायला लावावी. नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि किती युनिट दिले हे बिलावर लिहून घ्यावे. हे मागताच ज्याचा चेहरा उतरेल त्याचा माल आपल्या कामाचा नाही. बनावट माल दिसला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. आणि इंजेक्शननंतर, मग दोन आठवडे का झाले असेनात, दोन-दोन दिसू लागले, बोलणे जड झाले, घास उतरेना किंवा दम लागू लागला, तर लाज बाजूला ठेवून सरळ मोठ्या रुग्णालयात जावे आणि इंजेक्शन घेतल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे. या विषबाधेवर उतारा असतो, पण तो लवकर दिला तर कामाचा.

भाभींना आम्ही एवढेच सांगितले की पार्लरवालीकडे बाटली दाखवा म्हणा. दोन दिवसांनी साड्यांचे फॉल घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाटली तिच्याकडे नसतेच, भाईसाहेब. सिरिंज दुसरीकडून भरूनच येते." मग त्या डॉक्टरांकडे गेल्या. निकाहला नऊ दिवस राहिले होते. डॉक्टरांनी सांगितले की पापणी उतरली तर नऊ दिवसांत सावरणार नाही, हवे तर लग्नानंतर या. पुढे त्या गेल्या की नाही, आम्ही विचारले नाही.