कॉन्झर्व्हेशन एरियातलं जुनं घर: ऐकीव नियम आणि खरे नियम

लंडन, लीड्स किंवा ब्रिस्टलमध्ये विटांचं जुनं घर घेतलं आणि ते कॉन्झर्व्हेशन एरियात निघालं, की सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, आता खिळा ठोकायचा तरी काउन्सिलची परवानगी. कुणी म्हणतं, मागच्या बाजूला हवं ते करा, कोण बघायला येतंय! पहिल्याचं ऐकणारा अंधाऱ्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं काढतो. दुसऱ्याचं ऐकणारा घर विकायच्या वेळी अडकतो. कायदा नेमकं काय जपायला बघतो, हे दोघांनीही विचारलेलं नसतं.

कायदा जपतो तो परिसर. १९६७च्या सिव्हिक अ‍ॅमेनिटीज अ‍ॅक्टने ही तरतूद आली, लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड हे पहिलं क्षेत्र ठरलं आणि आज एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे १०,००० क्षेत्रं आहेत. छपरांची रेषा, चिमण्या, पुढची बुटकी भिंत, झाडं यांचा मिळून रस्त्याला जो चेहरा येतो, तो बिघडू नये हा हेतू. एखादी इमारत स्वतःच मोलाची असेल तर तिला ‘लिस्टेड’ दर्जा मिळतो. ते प्रकरण निराळं. लिस्टेड घरात आतला जिना, दारं, छतावरची नक्षी हे सगळं कायद्याच्या कक्षेत येतं आणि त्याचं रूप संमतीशिवाय बदलणं हा फौजदारी गुन्हा आहे. कॉन्झर्व्हेशन एरियातल्या साध्या, लिस्टेड नसलेल्या घराला यातलं काही लागू नाही. दोन खोल्यांमधली भिंत काढा, स्वयंपाकघर मागे न्या, प्लॅनिंग विभाग चौकशी करणार नाही. बिल्डिंग रेग्युलेशन्सवाले मात्र भिंतीच्या जागी तुळई कशी घातली ते पाहतील. पण ते इंग्लंडमधल्या प्रत्येक घरात पाहतात. (हे सगळे नियम इंग्लंडचे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ते वेगळे आहेत.)

मग घर वाढवता येतं का? येतं, आणि काही वेळा अर्ज न करताही. मागच्या बाजूला एकमजली खोली काढायची असेल, तर रांगेतल्या किंवा जोडघराला ३ मीटरपर्यंत आणि सुट्या घराला ४ मीटरपर्यंत ‘परमिटेड डेव्हलपमेंट’ची मुभा कॉन्झर्व्हेशन एरियातही आहे. उंचीच्या वगैरे अटी आहेतच. पण खरी मेख दुसरीकडे आहे. हे मीटर मोजायचे ते मूळ घरापासून, आणि मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ला जसं उभं होतं तसं. त्यानंतर बांधलेलं असेल तर बांधलं तेव्हाचं. आधीच्या मालकाने १९८०च्या सुमारास मागे एक खोली काढली असेल, तर ती तुमच्याच खात्यात धरली जाते. घर घेताना नवं स्वयंपाकघर निरखणारे पुष्कळ. ही चौकशी करणारे थोडे.

बाकी ठिकाणी मुभा आखडती आहे. बाजूला वाढवणं, मागे दुमजली काढणं, भिंतींना बाहेरून गिलावा, दगड किंवा लाकडाचं आवरण देणं, यांतल्या प्रत्येकाला अर्ज करावा लागतो. इतरत्र पूर्वसूचना देऊन ६ किंवा ८ मीटर मागे जाता येतं, ती सवलत इथे नाही. लॉफ्टमध्ये खोली करायची म्हणून छपरातून डॉर्मर बाहेर काढायचा असेल, तर तो मागच्या उतारावर असला तरी परवानगी लागते. हे लोकांना पटत नाही. ‘रस्त्यावरून दिसतच नाही’ हा मुद्दा अर्ज मंजूर व्हायला उपयोगी पडतो, अर्ज टाळायला नाही.

आणि परवानगी लागते म्हणजे नकार मिळतो असं नाही. माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. साध्या घरगुती अर्जावर साधारण आठ आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो, नाकारला तर अपिलाची सोय आहे. परिसराचं स्वरूप ‘जपणं किंवा खुलवणं’ याकडे काउन्सिलने विशेष लक्ष द्यावं, असं १९९०चा कायदा सांगतो. त्यातल्या ‘जपणं’चा अर्थ हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९२मध्ये साउथ लेकलंडच्या खटल्यात लावला: नवं बांधकाम परिसराला बाधा आणत नसेल, तर ते जपलं असंच समजायचं. म्हणजे नव्या खोलीला व्हिक्टोरियन सोंग घ्यायची सक्ती नाही. काच, झिंक, काळसर विटा वापरून केलेली सरळसोट आधुनिक जोडणी मंजूर होऊ शकते. मला तर खोट्या जुनेपणापेक्षा तीच प्रामाणिक वाटते.

खिडक्यांवरून सर्वाधिक भांडणं होतात. ‘कॉन्झर्व्हेशन एरियात प्लास्टिकच्या खिडक्यांना बंदी आहे’ हे विधान सरसकट खरं नाही. स्वतंत्र घराच्या खिडक्या, रूप साधारण तेच ठेवून, विनापरवाना बदलता येतात. मात्र काउन्सिलने त्या रस्त्यापुरता ‘आर्टिकल फोर’ आदेश काढला असेल, तर ती मुभा जाते. असे आदेश काउन्सिलच्या संकेतस्थळावर सापडतात. शेजारच्याने बदलल्या म्हणून आपल्यालाही चालेल, हा निकष कामाचा नाही; त्याने आदेशाच्या आधी बदलल्या असतील. शिवाय जुन्या लाकडी सॅश खिडक्या बऱ्याचदा दुरुस्त होतात, आतून दुसरी काच बसवता येते, आणि थंडीचा मोठा भाग फटींतून येत असतो, तो पट्ट्या लावून थांबतो.

ओलीचंही तसंच. त्या काळच्या भरीव विटांच्या भिंती चुन्याच्या मसाल्यात बांधलेल्या असतात. आत शिरलेला ओलावा त्या दरजांमधून बाहेर टाकतात. त्या दरजा सिमेंटने भरल्या की ओल आत कोंडते आणि विटांचा पृष्ठभाग पोपडे धरून सुटतो. हे करायला कुठलीही काउन्सिल रोखत नाही, तरी घराचं नुकसान त्यानेच जास्त होतं.

झाड तोडायचं किंवा छाटायचं असेल, तर सहा आठवडे आधी लेखी कळवावं लागतं. जमिनीपासून दीड मीटरवर ७५ मिलिमीटरहून जाड खोड असलं की झालं. गाडी उभी करायला रस्त्यालगतची एक मीटर किंवा त्याहून उंच भिंत पाडणं, यालाही परवानगी हवी. फ्लॅटवाल्यांना तर ‘परमिटेड डेव्हलपमेंट’ची ही घरगुती मुभा मुळीच नाही, मग तो व्हिक्टोरियन घराचे भाग पाडून केलेला का असेना.

बांधकाम आणि वापर या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हेही विसरलं जातं. लंडनमधल्या १० किंग हेन्रीज रोडचं प्रकरण मराठी वाचकाला आठवत असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये जिथे राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये घेतलं. कॅमडेन काउन्सिलने संग्रहालयाला नकार दिला, त्याचं एक मुख्य कारण होतं राहती जागा कमी होणं. शेवटी मार्च २०२०मध्ये संबंधित मंत्र्यांनी मंजुरी दिली.

विनापरवाना बांधकामाबद्दल ‘चार वर्षं कुणी बोललं नाही की प्रश्न मिटला’ असं म्हणतात, ते आता जुनं झालं. २५ एप्रिल २०२४पासून इंग्लंडमध्ये कारवाईची मुदत दहा वर्षांची आहे. त्या तारखेआधी पुरं झालेल्या बांधकामांना जुनी मुदत लागू राहते. कॉन्झर्व्हेशन एरियात विनापरवाना केलेल्या पाडकामाला तर कारवाईची मुदतच नाही. म्हणून परवानगी लागणार नाही अशी खात्री वाटत असली, तरी काउन्सिलकडून ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ घेऊन ठेवावं. घर विकताना खरेदीदाराचा वकील हाच कागद मागतो.