आगगाडीला रूळ कशासाठी लागतात?

गाडीची वाट चुकू नये म्हणून रूळ असतात, असे बहुतेकांना वाटते. रूळ दिशा देतात हे खरे, पण त्यांचे मोठे काम ओढ हलकी करण्याचे आहे. रबरी टायर वजनाखाली दबतो, पुढे सरकताच पुन्हा फुगतो आणि या दबण्या-फुगण्यात इंजिनाची शक्ती वाया जाते. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. दोघांचा स्पर्श होतो तो एखाद्या लहान नाण्याएवढ्या जागेत. म्हणून तेवढाच बोजा रस्त्यापेक्षा रुळावर कितीतरी कमी ताकदीने ओढता येतो.

रूळ वाफेच्या इंजिनाबरोबर आले, हाही गैरसमजच. त्याआधीच युरोपातल्या खाणींत लाकडी रुळांवरून घोडे गाडे ओढत होते. 1804 मध्ये वेल्समध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकचे इंजिन धावले, तेव्हा त्याच्या भाराने ओतीव लोखंडाचे रूळच तुटू लागले. आज रुळाखाली स्लीपर आणि त्याखाली खडी असते, ती हा भार पसरवून जमिनीपर्यंत पोहोचवण्यासाठी.

सर्वांत पक्का गैरसमज चाकाच्या आतल्या कडेविषयीचा. ही कडच गाडीला रुळावर धरून ठेवते, असे मानले जाते. प्रत्यक्षात सरळ मार्गावर कड सहसा रुळाला लागतही नाही. खरी करामत चाकाच्या उताराची आहे. चाकाचा घेर आतल्या बाजूला मोठा आणि बाहेरच्या बाजूला किंचित लहान असतो. दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवावेत आणि दोन समांतर काठ्यांवरून घरंगळू द्यावेत. जोडी बाजूला सरकली तरी आपोआप मध्यावर येते. आगगाडीची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. वळणावर जोडी बाहेर सरकते, तशी बाहेरचे चाक मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर चालते. एकाच फेऱ्यात बाहेरचे चाक जास्त अंतर कापते आणि जोडी वळते. कड हा शेवटचा आधार; तीव्र वळणावर ती रुळाला घासते, तेव्हा कर्कश आवाजही येतो.

गुळगुळीत रुळावर चाक घसरायलाच हवे, ही शंका मात्र अगदी निराधार नाही. कोरड्या रुळावर पकड पुरेशी असते, पण ती रस्त्यावरच्या टायरपेक्षा कमी, आणि रूळ ओला झाला की आणखी घटते. तेव्हा इंजिन चाकांपुढे वाळू सोडते. चढावर ही उणीव जास्त जाणवते. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटात 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे, म्हणून कर्जतला अनेक गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडतात.

ब्रेक लावला की गाडी जागीच थांबते, ही समजूत तर जिवावर बेतणारी आहे. पकड कमी आणि वजन प्रचंड, त्यामुळे वेगातल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर अंतरही लागू शकते. समोर माणूस दिसल्यावर चालकाने लगेच ब्रेक लावला तरी गाडी त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी थांबेलच असे नाही. फाटक गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी बंद होते, ते याचसाठी.