टाकीच्या मापानं मासा वाढतो म्हणे!

आटपाडी तालुक्याला मासे पाळणं नवीन नाही. डाळिंबाच्या बागेसाठी प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं झालं की त्यात रोहू, कटला, सायप्रिनस सोडणारे शेतकरी इथे आहेत. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली, हा सर्वसाधारण हिशोब. म्हणजे एका माशामागे एक-दोन चौरस मीटर जागा, आणि खोली धरली तर हजार लिटरहून जास्त पाणी. तोच माणूस घरी पोरांसाठी काचेची टाकी आणतो तेव्हा मात्र दीड बाय एक बाय एक फुटात, चाळीसेक लिटर पाण्यात, चार ‘शार्क’ सोडून मोकळा होतो.

हा ‘शार्क’ म्हणजे शार्क नाहीच. दुकानात काळा किंवा पांढरा, बोटभर लांबीचा मिळणारा हा मासा म्हणजे पंगस. खाण्यासाठी तळ्यात आणि पिंजऱ्यात वाढवतात तोच. नीट खाद्य मिळालं तर वर्षभरात किलोभराचा होतो आणि मेकाँग नदीतल्या आपल्या मूळ घरी मीटरभराहून लांब वाढतो. तसाच रंगीबेरंगी कोई. तो जातीनं आपला सायप्रिनसच, फक्त रंगासाठी पैदास केलेला. दोन फूट लांबी त्याला सहज गाठता येते. ऑस्करचं पिल्लू दीड-दोन इंचाचं आणतात आणि पहिल्या वर्षात ते महिन्याला इंचाच्या आसपास वाढतं. वासराच्या मापानं गोठा कुणी बांधत नाही, टाकी मात्र सगळे पिल्लाच्या मापानं घेतात. त्यामागे काही पक्क्या समजुती आहेत.

गैरसमज: टाकी लहान ठेवली की मासाही लहानच राहतो.

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ही समजूत जात नाही. लहान टाकीत मासा खुरटतो. पण तो आजारी पडून खुरटतो. मासा कल्ल्यांवाटे पाण्यात सतत अमोनिया सोडत असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशाला विषच, आणि तिसरंही साचत गेलं की त्रासदायक. चाळीस लिटरात हे सगळं लवकर दाट होतं, प्राणवायू कमी पडतो, पोहायला जागा नसते. भूक मंदावते, वाढ अडते, कधी कणा वाकतो, रोग जडतात. पंगस तर मुळात बुजरा. कुणी टाकीजवळून गेलं की उसळतो आणि काचेवर आपटतो. त्याच्या तोंडाचं टोक सोललेलं, पांढरं पडलेलं दिसलं तर टाकी अपुरी आहे हे ओळखावं.

गोल्डफिशबद्दल तर ‘त्याचं आयुष्यच तेवढं’ असं म्हणून आपण हात झटकतो. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगला आणि १९९९ मध्ये मेला. आपल्याकडे काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश दिवाळीला आणला तर संक्रांत पाहीलच असं नाही. साधा, एकेरी शेपटीचा गोल्डफिश वीस-तीस सेंटिमीटर होतो. ते भांडं विकायलाच नको होतं.

गैरसमज: एका इंचाला चार लिटर पाणी पुरतं.

हा हिशोब गप्पीसारख्या चिमुकल्या माशांपुरता चालतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, कारण मासा रुंदी-जाडीनंही वाढतो. लांबी दहापट झाली तर वजन हजारपट, आणि खाणं-घाणही त्याच अंगानं वाढते. इंचाला चार लिटरच्या हिशोबानं दहा इंची ऑस्करला चाळीस लिटर ‘पुरतात’, पण फूटभर रुंदीच्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही.

त्यापेक्षा हे माप धरा: टाकीची रुंदी निदान पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीएवढी, आणि टाकीची लांबी त्याच्या चौपट. एक घनफूट म्हणजे २८ लिटर, त्यामुळे फुटांचा गुणाकार केला की पाणी कळतं. दोन बाय एक बाय एक म्हणजे ५६ लिटर, चार बाय दीड बाय दीड म्हणजे सुमारे २५०. एका ऑस्करला ही दुसरी टाकी लागते. पंगसाला या हिशोबानं बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद टाकी हवी, आणि तो एकटा नीट राहत नाही. म्हणजे तो घरात पाळायचा मासाच नाही.

लिटर सारखे असले तरी उभी टाकी घेऊ नका. प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून मिसळतो. दोन बाय एक बाय एकची टाकी उभी केली तर पाणी तेवढंच, पण पृष्ठभाग निम्मा. शिवाय एप्रिल-मेच्या आटपाडीत पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात लाइट गेली की फिल्टर बंद. मोठी टाकी उशिरा तापते आणि अशा वेळी माशाला काही तास जास्त तग धरता येतो. चांगला फिल्टर लावला की लहान टाकी चालते, असं दुकानदार सांगतात. फिल्टर घाण कमी करतो, जागा वाढवत नाही.

गैरसमज: दुष्काळी भागात मोठी टाकी म्हणजे पाण्याची उधळपट्टी.

हा प्रश्न इथे रास्तच आहे. ज्या तालुक्यानं समन्यायी पाणीवाटपासाठी वर्षानुवर्षं चळवळ केली आणि टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी मिळवलं, तिथे बादलीभर पाण्याचाही हिशोब होतो. पण टाकी एकदाच भरायची असते. पुढे आठवड्याला पाव भाग बदलायचा. तोच मासा लहान टाकीत ठेवला तर घाण तेवढीच पडते आणि पाणी बदलण्याची घाई रोजची होते. काढलेलं पाणी गटारात ओतू नका. त्यातलं नायट्रेट हे झाडाचं खत आहे. ते कढीपत्त्याला, जास्वंदीला घाला. जास्त काळजी वजनाची करा: २५० लिटर पाण्याचंच वजन अडीचशे किलो, काच आणि वाळू वेगळी. अशी टाकी शोकेसवर ठेवायची नसते.

आणि शेवटचा, सगळ्यात महागात पडणारा: ‘मोठा झाला की तलावात सोडून देऊ.’ भीमेवरच्या उजनी धरणात परदेशी सकर मासा जाळ्यात येतो आणि मच्छीमार वैतागतात. त्याच्या अंगावरच्या कडक खवल्या-काट्यांनी जाळी फाटते, आणि त्याला गिऱ्हाईक नसतं. काच साफ ठेवतो म्हणून टाकीत आणतात तो हाच, आणि पूर्ण वाढला की फूट-दीड फुटाचा होतो. श्रीनगरच्या दल सरोवरात २०२३ मध्ये अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार सापडला. आपली माणगंगाही पुढे भीमेलाच मिळते. वाढलेला मासा दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. तलावात, ओढ्यात, शेततळ्यात नको.

तेव्हा दुकानात रंग आणि किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा: हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? उत्तर फुटात आलं आणि घरी जागा दोनच फुटांची असेल, तर मासा बदला. गप्पी, मॉली, प्लॅटी दोन फुटी टाकीत मजेत राहतात, आणि आपल्या बोअरचं क्षाराचं पाणी त्यांना मानवतंही.