आधी जमीन, मग तार

खांबावरची माणसं : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात आपण ‘लाइन क्लिअर’ म्हणजे काय ते पाहिलं. उपकेंद्रातला ब्रेकर बंद, एबी स्विच उघडून त्याला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या ताब्यात आणि परमिटवर सही. एवढं झालं की वायरमनने बिनधास्त तारेला हात घालावा, असं आपल्याला वाटतं. पण तारेला हात लागण्याआधी एक काम उरलेलं असतं आणि घाईत नेमकं तेच सुटतं. ते म्हणजे बंद केलेल्या तारा एकमेकींना जोडून जमिनीला बांधणं, अर्थात तात्पुरतं अर्थिंग.

लाइन बंद केलीच आहे, मग हा खटाटोप कशाला? कारण आपण बंद करतो ती एक वाट, आणि तारेवर वीज येण्याच्या वाटा अनेक असतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या पट्ट्यात विजेचे खांब ओळीने आडवे झाले आणि कित्येक गावांना दीर्घकाळ अंधारात राहावं लागलं. दुरुस्तीसाठी इतर जिल्ह्यांतूनही पथकं आली. अशा वेळी परक्या गावात आलेल्या वायरमनला कोणती तार कुठल्या फीडरची, हे नकाशावरून आणि स्थानिक सहकाऱ्याच्या सांगण्यावरूनच कळतं. त्यात गावात कुणी जनरेटर लावलेला असतो. तो मुख्य पुरवठ्यापासून नीट तोडलेला नसेल, तर त्याची वीज सर्व्हिस वायरमधून उलटी डीपीपर्यंत पोहोचते. ११,००० व्होल्टचे २३० करणारं तेच रोहित्र उलट्या बाजूने २३० व्होल्टचे जवळपास दहा हजार करू शकतं. उपकेंद्रातल्या कुलपाला याची खबरही नसते.

दुसरी वाट शेजारच्या लाइनची. त्याच खांबांवरून किंवा समांतर जाणारी दुसरी लाइन चालू असेल, तर तिच्या प्रभावाने बंद तारेतही व्होल्टेज निर्माण होतं. वर ओलांडून जाणारी तार तुटून खाली पडू शकते. दूर कुठेतरी पडलेल्या विजेचा झटका तारेवरून धावत येऊ शकतो. आणि साधी मानवी चूक तर कायमच दबा धरून असते.

या सगळ्यांवरचा उपाय एकच : मी जिथे काम करतो आहे, तिथेच अर्थिंग.

मात्र अर्थिंग माणसाला वाचवतं कसं, याबद्दल एक अर्धवट समज पक्का रुजलेला आहे. ‘वीज जमिनीत निघून जाते, म्हणून धोका नाही,’ असं म्हटलं जातं. जरा हिशोब करून बघू. ११ केव्ही लाइनच्या एका फेजचं जमिनीशी व्होल्टेज साधारण ६,३५० असतं. जमिनीत ठोकलेल्या रॉडचा रोध १० ओहम धरला, तर त्यातून फार तर सहाशे-साडेसहाशे अँपिअर जातील आणि तारेवर जवळजवळ सगळंच व्होल्टेज तसंच राहील. खांबावरच्या माणसाचे पाय वेगळ्या जमिनीशी जोडलेले आणि हात तारेला, असं असेल तर तो त्या व्होल्टेजच्या मधोमध सापडतो. माणसाचं हृदय थांबायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो.

म्हणून अर्थिंगची खरी कामं दोन. पहिलं, तिन्ही फेज एकमेकींना शॉर्ट करणं. चुकून वीज आलीच, तर मोठा प्रवाह वाहून उपकेंद्रातला ब्रेकर क्षणात ट्रिप व्हावा. दुसरं आणि अधिक मोलाचं काम म्हणजे माणसाच्या हाता-पायाशी जे जे आहे, ते सारं एका पातळीवर आणणं. यासाठी त्याच्या पायांच्या जरा खाली खांबाला धातूचा पट्टा आवळतात आणि तारांची अर्थिंग केबल त्या पट्ट्याला जोडून मग जमिनीकडे नेतात. आता केबल आणि क्लॅम्पचा मिळून रोध दोन मिलिओहम धरा. ३,००० अँपिअर वाहिले, तरी माणसाच्या हाता-पायांत फरक उरतो तो सहा व्होल्टचा. ब्रेकर पडेपर्यंतचा तो क्षण माणूस त्यामुळे निभावतो.

आता क्रम. आधी डिटेक्टरने तपासायचं. पण त्याआधी आणि त्यानंतरही डिटेक्टर चालू स्थितीत आहे याची खात्री करायची, कारण बिघडलेला डिटेक्टर चालू लाइनवरही गप्प बसतो. मग केबलचं एक टोक जमिनीला. ते घट्ट झाल्यावरच इन्सुलेटेड रॉडने दुसरं टोक जवळच्या तारेला, मग पुढच्या. काढताना बरोबर उलटं : आधी सगळ्या तारा सोडायच्या, जमीन सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला, तर तारेला लागलेल्या केबलचं मोकळं टोक माणसाच्या हातात राहतं आणि जमिनीकडे जाणारी वाट तो स्वतःच होतो.

बारकावे आणखीही आहेत. तारेवर काळपट थर असेल तर ब्रशने घासून मगच क्लॅम्प आवळायचा. वीज दोन्ही बाजूंनी येऊ शकत असेल तर कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग हवं. जंपर तोडायचा असेल तर तुटणाऱ्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडेही. जास्तीची केबल वेटोळं करून ठेवायची नाही; मोठा प्रवाह आला की ती चाबकासारखी उसळते. आणि रॉड जिथे ठोकला आहे, तिथून खाली उभ्या माणसांनी लांब राहायचं, कारण त्याच्या आसपासच्या जमिनीतही व्होल्टेज पसरतं.

हे सारं नीट करायला वेळ लागतो. मुसळधार पावसात, ‘लाइट कधी येणार?’ असे फोन सतत खणखणत असताना तो वेळ जड जातो. खांबावरच्या माणसाला तो वेळ मिळू देणं आपल्याच हातात आहे. लाइट यायला पंधरा मिनिटं उशीर झाला, तर त्यातली काही मिनिटं कुणीतरी जमीन आणि तार नीट बांधण्यात घालवली असतील, एवढं समजून घेऊ या.

दुसरी एक गोष्टही आपल्याच हातात आहे : आपल्या दारातला जनरेटर. तो लाइनवर उलटी वीज सोडू नये म्हणून चेंजओव्हर स्विच कसा असावा, ते पुढच्या आठवड्यात.